लोक खोकेपर्यंत थांबायचं

डेनीसचा निरोप फोनवर येऊन पडला होता आणि मी तो दीड दिवस ऐकलाच नव्हता. तिचं नाव दिसलं की ‘नंतर ऐकू’ म्हणून फोन पर्समध्ये टाकायची सवय मला गेल्या वर्षभरात लागली होती. शेवटी इथे अमेरिकेत, श्रूजबरीतल्या आमच्या नेहमीच्या इंडियन ग्रोसरीत, कढीपत्त्याची पाकिटं उलटसुलट करून बघताना ऐकला. “आई गेली. गुरुवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना आहे. तू आलीस तर तिला बरं वाटेल.” एवढंच. मी कढीपत्ता जागेवर ठेवला आणि गाडीत येऊन बसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी आली ती भीती. आता डेनीसच्या समोर उभं राहावं लागणार, ही भीती. माणूस गेल्याचं कळल्यावर पहिल्यांदा स्वतःचा विचार मनात आला, हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं खरं.

गुरुवारी चर्चमधली प्रार्थना झाल्यावर सगळे खालच्या हॉलमध्ये जमले. हा तोच हॉल, लाकडी स्टेजचा, जिथे मी मादामना, म्हणजे डेनीसच्या आईला, पहिल्यांदा पाहिलं होतं. सँडविचेस होती, कॉफी होती, सत्तरी-ऐंशीतली दहाबारा फ्रेंच बोलणारी माणसं होती. डेनीसनं चमच्यानं कप वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि माझा हात धरून मला पुढे ओढलं. “ही वैशाली. आईच्या शेवटच्या प्रयोगात आई वाक्य विसरून अडकली, तेव्हा हिनं तिला सावरलं. ही नसती तर आई तशीच उभी राहिली असती. मी हिचे आभार कधी नीट मानलेच नाहीत.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे पुसले. आणि मी? मी मान डोलावली. ‘असू दे, असू दे’ असं काहीतरी पुटपुटले आणि मान डोलावली...

मादाम त्या दिवशी विसरल्या नव्हत्या. गेले पाच आठवडे हे वाक्य मी मनातल्या मनात म्हणते आहे, भांडी घासताना, गाडी चालवताना. आज पहिल्यांदा लिहिलं.

रोज-आल्मा तेत्रो हे मादामचं नाव या पुरवणीच्या वाचकांनी ऐकलं असण्याचं कारण नाही. अमेरिकेतही फार कुणी ऐकलेलं नाही. त्यांचे आईवडील कॅनडाच्या फ्रेंच मुलखातून इथल्या कापडगिरण्यांत कामाला आले, तशी त्या काळी हजारो कुटुंबं आली. वूस्टरच्या आसपासच्या गावांत त्यांच्या वस्त्या होत्या, चर्च होतं, शाळा होत्या आणि चर्चखालच्या हॉलमध्ये नाटकं होती. ती नाटकं म्हणजे संतांची चरित्रं आणि फ्रान्सहून आलेली जुनी पल्लेदार संवादांची नाटकं. मादाम वयाच्या अठराव्या वर्षी त्या नाटकांत शिरल्या, पण स्टेजवर नाही. मुलींनी पुरुषांबरोबर स्टेजवर उभं राहणं त्यांच्या फादरना चालत नसे. मुलींनी स्टेजच्या खाली बसावं आणि प्रॉम्प्टिंग करावं, हे मात्र चालत असे. स्टेजच्या पुढच्या कडेला मधोमध एक चौकोनी भोक, त्यावर प्रेक्षकांच्या बाजूनं लाकडी झाकण, आणि त्या खड्ड्यात स्टुलावर बसलेली रोज-आल्मा. तिथून नटांचे फक्त बूट नीट दिसतात. “चार वर्षं मी बूट पाहिले,” त्या सांगत. “आणि चार वर्षांत वरून एकही वाक्य असं आलं नाही, जे माझ्या आईच्या तोंडी शोभलं असतं.”

आई त्यांची गिरणीत माग चालवायची. गिरणीतल्या मागांचा आवाज असा की शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून त्या बायका ओठांच्या हालचालीवरून बोलत. घरी आल्यावरही आईला फारसं ऐकू यायचं नाही, तेव्हा पोरंही आवाज न काढता ओठ हलवून तिच्याशी बोलायची. मादामनी पहिलं नाटुकलं लिहिलं ते या बायकांवर. तीन बायका, डबा खायची सुट्टी, आणि गिरणीतल्या वस्तीची जी फ्रेंच बोलत तीच भाषा. बायकांची कामं बायकांनीच केली, त्यातली एक स्वतः मादामनी. फादरनी नंतर बोलावून सांगितलं की ही स्वयंपाकघरातली भाषा आहे, ती तिथेच राहू द्यावी. मादामनी पुढचं नाटक स्वयंपाकघरातच बसवलं. मग पंचवीस-तीस वर्षं त्या लिहीत राहिल्या, करत राहिल्या. दिवसा आधी गिरणीत, गिरण्या बंद पडल्यावर शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, आणि शनिवार-रविवारी गाडीच्या मागे एक खुर्ची आणि एक डबा टाकून गिरण्यांच्या गावोगावी प्रयोग. तिकडच्या बायकांनी स्टेजवर स्वतःला बोलताना पहिल्यांदा ऐकलं ते मादामच्या तोंडून. पुढे एकदा कॅनडातल्या मोठ्या थिएटरवाल्यांनी बोलावलं. कौतुक झालं, पण लहान मूल कविता म्हणतं तेव्हा करतात तसं. मादाम परत आल्या आणि सोमवारी शाळेत बटाटे सोलायला हजर झाल्या. हे त्या हसत सांगत. मला मात्र ऐकताना राग यायचा, आणि माझा राग बघून त्यांना आणखी हसू यायचं.

आम्ही इथे आलो ते २००१ च्या शेवटी. समीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वर्क व्हिसा होता आणि मला त्याची बायको असल्याचा व्हिसा. त्यावर काम करता येत नाही. सांगलीत मी बँकेत होते, हौशी नाटकांत होते, चार माणसं नावानं ओळखत होती. इथे मी भाजी आणत होते आणि खिडकीतून बर्फ बघत होते. दुसऱ्या वर्षी मराठी मंडळानं गणपतीत नाटक करायचं ठरवलं आणि मी बुडताना काडी सापडल्यासारखी धावत गेले. भूमिका कुणाकुणाला आधीच देऊन झाल्या होत्या, तेव्हा प्रॉम्प्टिंग माझ्या गळ्यात पडलं. तालमीसाठी जो हॉल भाड्यानं मिळाला तो हा, फ्रेंच चर्चचा. किल्ली घेऊन एक पांढऱ्या केसांच्या, ताठ बाई यायच्या, दार उघडायच्या, आणि जायच्या नाहीत. शेवटच्या रांगेत बसून गुलाबी पेपरमिंट चोखत आमचं नाटक बघायच्या.

मंडळाच्या नाटकांचं काय सांगावं... सगळे आयटीवाले, आठवडाभर ऑफिस, पाठांतर कुणाचंच नाही. “यार, वैशाली, तू जस्ट लाइन दे, मी पिकअप करतो,” असं प्रत्येक जण म्हणायचा. मी विंगेत उभी राहून जवळजवळ सगळं नाटक म्हणायचे आणि स्टेजवरचे ते पुन्हा म्हणायचे. प्रेक्षकांना एका तिकिटात दोनदा नाटक. नट थांबला रे थांबला की वाक्य फेकायचं, हे माझ्या अंगवळणी पडलं. दुसऱ्या श्वासाची वाट बघायची नाही, कारण दुसऱ्या श्वासाला समोरचा नट हसायला लागलेला असायचा. एका रविवारी सगळे पिझ्झा खायला पांगले तेव्हा त्या बाई माझ्याजवळ आल्या. “मला तुमची भाषा येत नाही,” त्या म्हणाल्या, “पण नाटक येणारी इथे तू एकटीच आहेस.” मी आपलं सांगून टाकलं की मला थोडी फ्रेंच येते. येते म्हणजे काय, अकरावी-बारावीत मार्क जास्त पडतात म्हणून घेतली होती. मी दोन वाक्यं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं, डब्यातली एक पेपरमिंट मला दिली आणि म्हणाल्या, “मंगळवारी माझ्याकडे ये.”

मंगळवारी गेले, आणि चार वर्षं जात राहिले. मुलगा ईशान लहान होता, त्यालाही बरोबर न्यायचे. तो त्यांना मेमेर म्हणायचा, त्यांच्याकडे आजीला तेच म्हणतात. मादाम तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या आणि वर्षातून तीन-चार प्रयोग अजून करत होत्या, एकपात्री. जुनी प्रॉम्प्टर वारली होती. त्यांना नवी हवी होती, आणि त्यांच्या मते ते काम नातेवाइकानं करायचं नसतं. मला त्या ‘सूफ्लूज’ म्हणत, म्हणजे प्रॉम्प्टर, शब्दशः फुंकर घालणारी. त्यांच्या लोकांत घरासमोरचा बर्फ उडवायच्या यंत्रालाही हाच शब्द आहे, त्यामुळे थंडीत कुणी माझी अशी ओळख करून दिली की म्हातारी मंडळी हसायची. मी त्यांची नक्कल, म्हणजे संहिता, देवनागरीत उतरून घेतली, कारण खड्ड्यातल्या अंधुक उजेडात फ्रेंच स्पेलिंग वाचत बसायला वेळ नसतो. ती वही बघून त्या बोटानं शिरोरेघ गिरवायच्या आणि म्हणायच्या, “तुम्ही लोक अक्षरं दोरीवर वाळत घालता.”

त्यांची प्रॉम्प्टिंगची पद्धत मी आधी कुठे पाहिली नव्हती. त्यात आवाज नव्हताच. खड्ड्यात बसलं की माझ्या डोळ्यांसमोर त्यांचे काळे, लेसचे बूट. वाक्य हवं असेल तर त्या उजव्या बुटाचं टोक जरासं उचलून आपटायच्या, इतकं हलकं की प्रेक्षकांना वाटावं बाई सहज हलली. मग नजर खाली आणायच्या. मी फक्त ओठ हलवायचे. त्या वाचायच्या. आईशी बोलताना शिकलेली विद्या. “बूट हलला तर बोल, बूट हलला नाही तर मी मेले असं वाटलं तरी गप्प बस,” हा नियम त्यांनी पहिल्या दिवशी सांगितला आणि माझ्याकडून म्हणून घेतला. चार वर्षांत बूट हलला असेल सात-आठ वेळा. माझा आवाज त्या खड्ड्यातून एकदाही बाहेर गेला नाही. आणि तरी पहिल्या प्रयोगाच्या कार्यक्रमपत्रिकेवर शेवटच्या ओळीत माझं नाव होतं. अमेरिकेत माझं नाव छापून आलेलं ते पहिल्यांदा. समीर म्हणाला, “अगं, फ्रेम करून लाव.” चेष्टेत म्हणाला, पण मी खरंच फ्रेम केली.

आता ते सांगायला हवं, ज्यासाठी लिहायला बसले.

२००६ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांचा प्रयोग ठरला होता. त्यांचं सगळ्यात जुनं एकपात्री, माग चालवणाऱ्या बाईचं. गिरणी कायमची बंद होते तो दिवस. ती बाई आयुष्यभर मागांच्या घरघरीत जगलेली. शेवटच्या दिवशी एक-एक माग थांबतो आणि ती स्टेजच्या मधोमध उभी राहून पहिल्यांदा शांतता ऐकते. मग प्रेक्षकांना विचारते, “ऐकलंत?” तिथे दोन श्वासांचा पॉज होता, माझ्या वहीत तशा दोन रेघा होत्या. त्याच सुमाराला मंडळाचं दिवाळीचं नाटक होतं. मादामच्या शेवटच्या दोन तालमींना मी दांडी मारली. फोन करून सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “बरं. पण मी एक जागा बदलली आहे. प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास आधी ये, दाखवते.” मी हो म्हटलं.

त्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचले नाही. ईशानची सॉकरची मॅच होती, ती लांबली, मग तो गाडीत “आय अॅम हंग्री, मम्मा” करत बसला, मग हॉलच्या पार्किंगमध्ये जागा नाही. दारात डेनीस भेटली, काळजीत होती. हळूच म्हणाली, “जरा लक्ष ठेव. आई हल्ली विसरते. परवा गॅस तसाच सुरू ठेवून बाहेर गेली. आज काही झालं तर तू आहेस म्हणून मला धीर आहे.” आत जाऊन खड्ड्यात उतरले तेव्हा पडदा उघडायला दोन मिनिटं होती. मादामनी वरून वाकून बघितलं, काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात हॉलमधले दिवे मालवले.

प्रयोग सुंदर चालला होता. इतका की मी वही बघायचंही विसरत होते. मग माग थांबले. मादाम मधोमध उभ्या राहिल्या. एक श्वास, दोन श्वास. तीन. मी बुटाकडे पाहिलं. बूट हलला नाही. चार, पाच. त्यांची नजर खाली येईना, ती समोर, प्रेक्षकांच्याही पलीकडे कुठेतरी. सहा, सात... गॅस, डेनीस, ‘तू आहेस म्हणून धीर’, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम गोळा झालं. बूट स्थिर होता. माझ्या नाकासमोर, हातभर अंतरावर, अगदी स्थिर होता. हे मी पाहिलं होतं. पाहूनही मी मंडळातल्यासारखं केलं. त्या खाली बघत नव्हत्या म्हणून ओठ हलवून उपयोग नव्हता, तेव्हा मी आवाज काढला. त्यांचं वाक्य त्यांना दिलं. “ऐकलंत?” हॉल इतका शांत होता की ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

कुणीतरी ‘अरेरे’ केल्यासारखा सुस्कारा सोडला. आणि मादामनी काय करावं? त्यांनी कपाळावर हात मारला, अगदी म्हाताऱ्या बाया मारतात तसा, थोडंसं हसल्या, आणि तेच वाक्य म्हणून पुढे गेल्या. विसरल्याचा अभिनय केला त्यांनी. मला तेव्हा तो अभिनय आहे हेही कळलं नाही. मला वाटलं, वाचवलं मी. प्रयोग संपल्यावर लोक माझ्याभोवती जमले, पाठीवर थाप मारत होते, डेनीसनं मला मिठी मारली. या देशात एवढ्या माणसांनी मला एकदम कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मादाम मेकअप पुसत बसल्या होत्या. मी म्हटलं, “घाबरलात का?” त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “तुझा आवाज चांगला आहे. आजवर ऐकलाच नव्हता.” मग नेहमीसारखी पेपरमिंटची डबी पुढे केली. मी घेतली.

पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांची स्वतःची नक्कल स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी पडली होती. तेच पान. पॉजच्या जागी पेन्सिलीनं नवं लिहिलं होतं. माझ्या मार्कांपुरत्या फ्रेंचलाही ते लागलं. ‘शांतता. कुणीतरी खोकेपर्यंत थांबायचं. मग पुन्हा तेवढंच.’ मी ते दोनदा वाचलं. पन्नास वर्षं तो प्रसंग करून झाल्यावर त्यांना वाटलं होतं की ही शांतता बाईनं एकटीनं ऐकून भागणार नाही, हॉलमधल्या प्रत्येकाला ती नकोशी होईपर्यंत ऐकू आली पाहिजे. हेच त्या मला अर्धा तास आधी दाखवणार होत्या. मी मान वर केली तर त्या कॉफीची किटली हातात घेऊन माझ्याकडेच बघत होत्या. मी काही बोलावं म्हणून थांबल्या असतील का? मी बोलले नाही. त्यांनी पुढे होऊन वही मिटली आणि विचारलं, “साखर एक की दोन?” चार वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. वसंतात उत्तरेकडच्या एका गावात प्रयोग ठरला होता, तो डेनीसनं कॅन्सल केला. “आईचं असं चारचौघांत पुन्हा व्हायला नको, तुलाही कल्पना आहे,” ती मला म्हणाली. मला कल्पना होती. सगळी कल्पना मलाच होती. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, डेनीस, चूक माझी आहे, त्या विसरल्या नव्हत्या, त्या थांबल्या होत्या. मी म्हटलं, “तू म्हणतेस तेही बरोबर आहे.” मादाम मुलीशी भांडल्या नाहीत. भांडायचं तर प्रॉम्प्टरचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि खड्ड्यातल्या माणसाची चूक नटानं बाहेर सांगायची नाही, हा त्यांचा बाणा. खड्ड्यात चार वर्षं काढलेली बाई ती. मग हॉलची किल्ली गेली, मग गाडी गेली, मग वर्षभरात राहतं घर. डेनीसच्या घराजवळच्या एका वृद्धाश्रमात त्यांना ठेवलं. तिथे फ्रेंच बोलणारं कुणी नव्हतं. डेनीस वाईट नाही, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. तिनं आईची काळजी केली. आई घरी थोडंफार विसरत होतीच. पण स्टेजवर विसरते, ही खात्री तिला माझ्या त्या एका शब्दानं दिली, आणि मग बाकी सगळं त्या खात्रीतून झालं.

मी का नाही सांगितलं? आमचं ग्रीन कार्डचं चाललं होतं, आम्ही घर बघत होतो, ईशानची शाळा... ही कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. खरं कारण सोपं आणि लाजिरवाणं आहे. त्या हॉलमध्ये मी ‘वेळेवर धावून आलेली इंडियन मुलगी’ होते. बाकी या देशात मी कुणीच नव्हते. तेवढं एक मला सोडवलं नाही.

वृद्धाश्रमात मी तीनदा गेले. शेवटचं गेल्या नोव्हेंबरात. नर्स म्हणाली की त्या आता बोलत नाहीत. खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, पायात तेच काळे बूट. माझ्याकडे बघून ओळखीचं हसल्या. आणि गप्प राहिल्या. मी समोर बसले आणि बोलत सुटले. ईशान केवढा झाला, नवं घर केवढं, मंडळात काय काय झालं, रस्त्यात बर्फ किती. वीस मिनिटं मी थांबलेच नाही. निघताना सहज खाली नजर गेली. बूट अगदी स्थिर होते. गाडीत बसल्यावर लक्षात आलं, पुन्हा तेच केलं मी. त्या थांबल्या होत्या आणि मी पुन्हा जागा भरून काढली. परत वर जाऊन गप्प बसावं असं मनात आलं होतं... पण ईशानला शाळेतून आणायची वेळ झाली होती.

दोन आठवड्यांपूर्वी डेनीसकडून खोकं आलं. आत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट होते आणि तिची चिठ्ठी, की आईनं कधीतरी सांगून ठेवलं होतं, हे तुलाच द्यायचे, का ते तिनं सांगितलं नाही, तुला माहीत असेल. उजव्या बुटाचं टोक डाव्यापेक्षा थोडं जास्त झिजलेलं आहे. मी ते स्वयंपाकघरात टेबलावर मांडले. ईशान म्हणाला, “मम्मा, शूज ऑन द टेबल? ग्रोस!” आणि मग कुणाचे ते कळल्यावर त्यानं स्वतःच ते नीट जोडीनं मांडले. समीर सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, “आता सांगून काय होणार, वैशू? त्या तर गेल्या. डेनीसला उगाच गिल्ट येईल.” तो चुकीचं बोलत नव्हता. मीही मग हा लेख लिहायला घेतला आणि इथपर्यंत आल्यावर माझी मलाच चोरी कळली. ज्यांच्याशी याचा संबंध आहे त्यातल्या एकालाही वाचता येणार नाही अशा भाषेत मी कबुली देत होते.

म्हणून काल सकाळी पेन खाली ठेवलं आणि डेनीसला फोन लावला. बूट समोर होते. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. सांगितलं की तुझी आई त्या दिवशी विसरली नव्हती. तिथे शांतता होती, ती तिनं मुद्दाम लिहिली होती, आणि मी ती मोडली. तिच्या वहीत आहे, बघ. मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं आणि तरी मी तुला सांगितलं नाही.

पलीकडून काहीच आलं नाही. फोन ठेवला नव्हता तिनं, तिचा श्वास ऐकू येत होता. एक, दोन, तीन. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं, ‘सॉरी’ होतं, ‘तू तरी काय करणार’ होतं, ‘त्यांना तुझा राग नव्हता’ होतं. पाच, सहा. डेनीसच्या घरातलं घड्याळ ऐकू यायला लागलं. मी बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. किती वेळ गेला ते मी मोजायचं सोडलं. मग ती खोकली.

मी अजून तेवढंच थांबले.